गोळीबाराआधीच्या गप्पा

लॉस एंजेलिसमधल्या एका साध्या इमारतीच्या बोळात काळे सूट घातलेले दोन भाडोत्री मारेकरी एका बंद दारापुढं उभे आहेत. आतल्या पोरांकडून त्यांना मालकाची ब्रीफकेस परत घ्यायची आहे आणि ती घेताना बहुतेकांचा जीवही. एक जण वेळ विचारतो. सकाळचे ७ वाजून २२ मिनिटं झाली आहेत, म्हणजे अजून थोडा अवकाश आहे. तेव्हा दार न ठोठावता दोघं वळतात, बोळाच्या पार टोकाला जाऊन उभे राहतात आणि मगाचा अर्धवट राहिलेला वाद पुढं नेतात. वादाचा विषय असा : मालकाच्या बायकोच्या पायांना मालिश केलं म्हणून मालकानं एका माणसाला बाल्कनीतून खाली फेकवलं, हे रास्त झालं की जास्त झालं. कॅमेरा त्यांच्यामागं जात नाही. कंटाळलेल्या तिसऱ्या सोबत्यासारखा तो दाराजवळच थांबतो आणि लांबून दोघांचं बोलणं ऐकतो.

क्वेंटिन टॅरेंटिनोच्या ‘पल्प फिक्शन’मधला (१९९४) हा प्रसंग. कथानकाच्या हिशेबानं त्यात काहीच घडत नाही. हात आखडता असलेल्या कुठल्याही संकलकानं तो पहिल्याच फेरीत कापला असता. सॅली मेन्केनं, जिनं टॅरेंटिनोचे चित्रपट २०१०मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत संकलित केले, तो ठेवला. मला तो या चित्रपटाचा पायाच वाटतो. खून करायला निघालेल्या माणसांकडं जो रिकामा वेळ असतो तो गुन्हेपट सहसा गाळून टाकत. इथं तो जसाच्या तसा ठेवला आहे, आणि रिकाम्या वेळात माणसं जे करतात तेच ही दोघं करतात. पुढच्या तीस वर्षांत नक्कल करणाऱ्यांनी या चित्रपटातून काळे सूट घेतले, पिस्तुलं घेतली, पुढंमागं केलेला कालक्रम घेतला. या गप्पा तिथं कशासाठी आहेत, हे फार थोड्यांनी विचारलं.

मे १९९४च्या कान महोत्सवात परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता क्लिंट ईस्टवुड. स्पर्धेत क्षिश्तोफ किस्लोव्स्कीचा ‘रेड’ होता, आणि आपल्याकडचा, शाजी एन. करुण यांचा मल्याळी ‘स्वहम्’ही होता. सर्वोच्च पारितोषिक, पाम द ओर, ‘पल्प फिक्शन’ला जाहीर झालं तेव्हा प्रेक्षकांतून एका बाईंनी ओरडून निषेध केला. टॅरेंटिनोनं मंचावरून बोट दाखवून उत्तर दिलं; बोट कुठलं ते सांगायला नको. ‘रेड’ला काहीच मिळालं नाही. गंमत अशी की ‘रेड’सुद्धा नकळत एकमेकांना चाटून जाणाऱ्या आयुष्यांचाच चित्रपट आहे. त्याच्या शेवटी तर त्या चित्रत्रयीच्या आधीच्या दोन भागांतली माणसंही एका बुडालेल्या फेरीबोटीतून वाचलेली म्हणून एकत्र दिसतात. किस्लोव्स्कीच्या योगायोगांमागं कुणीतरी गूढ सूत्रधार असावा असं वाटत राहतं. टॅरेंटिनोच्या चित्रपटात हाच प्रश्न दोन मारेकरी नाश्त्याच्या टेबलावर चर्चेला घेतात.

व्यवहाराचा भाग थोडक्यात. ट्रायस्टार स्टुडिओनं पटकथा नाकारली, मिरामॅक्सनं ती उचलली. ८० ते ८५ लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटानं एकट्या अमेरिकेत १० कोटींच्या वर कमाई केली. ऑस्करची नामांकनं सात आली, हाती लागलं एकच, मूळ पटकथेचं. ते टॅरेंटिनो आणि रॉजर अ‍ॅव्हरी यांना मिळून. मला हा निकाल चुकून बरोबर लागलेला वाटतो, कारण या चित्रपटात जे नवं होतं ते लिहिण्यातच होतं. आणि तरीही त्यातलं जवळजवळ सगळं जुनं होतं.

नावापासूनच सुरुवात करू. पल्प म्हणजे लाकडाचा लगदा. त्यापासून केलेल्या खरखरीत, स्वस्त कागदावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत गुन्ह्यांच्या, प्रेमाच्या, साहसाच्या कथांची मासिकं निघत. त्यांतलं गुन्हेकथांसाठी गाजलेलं ‘ब्लॅक मास्क’ १९२० साली एच. एल. मेंकन आणि जॉर्ज जीन नेथन यांनी काढलं, ते मुख्यतः आपल्या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकाचा खर्च भागावा म्हणून. (साहित्याच्या इतिहासात थोरल्या बहिणीची फी धाकटीनं भरल्याचं हे एकमेव उदाहरण नसावं.) डॅशिएल हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ याच मासिकात क्रमशः आली, रेमंड चँडलरची पहिली गुन्हेकथा १९३३मध्ये इथंच छापली गेली. टॅरेंटिनोच्या मनात या पटकथेची कल्पना पहिल्यांदा आली तेव्हा नावही याच मासिकाचं होतं. मराठी वाचकाला हे जग परकं वाटू नये. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड इथंही रात्र रात्र जागवत होते, आणि सकाळी ती पुस्तकं उशीखाली जात, दिवाणखान्यातल्या कपाटात नव्हे.

मारेकऱ्यांच्या गप्पांचं मूळ मात्र लगद्याच्या कागदावर नाही, गुळगुळीत कागदावर सापडतं. मार्च १९२७च्या ‘स्क्रिब्नर्स मॅगझिन’मध्ये अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द किलर्स’ ही कथा आली. लहान गावातल्या एका खाणावळीत दोन अनोळखी माणसं येतात आणि काउंटरवरच्या माणसाशी खाण्यावरून हुज्जत घालतात. त्यांना हवा तो पदार्थ अजून तयार नाही. भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे. हळूहळू कळतं की ते ओली अँडरसन नावाच्या एका माजी मुष्टियोद्ध्याला मारायला आले आहेत आणि तो रोज याच वेळी इथं जेवायला येतो. त्या दिवशी तो येत नाही. ते दोघं निघून जातात. निक नावाचा पोरगा धावत जाऊन अँडरसनला सावध करतो, तर तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिलेला. पळून पळून त्याचा जीव विटला आहे. कथेत एकही गोळी सुटत नाही. सगळी भीती त्या जेवणाच्या ऑर्डरमध्ये आहे.

१९४६ साली रॉबर्ट सिओडमाकनं या कथेवर चित्रपट केला. सुरुवातीची काही मिनिटं तो कथेला धरून चालतो. मग हेमिंग्वेनं जो प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला होता, हा माणूस पळाला का नाही, त्याचं उत्तर शोधायला एक विमा-तपासनीस बाहेर पडतो, आणि त्याला भेटणाऱ्या माणसांच्या आठवणींतून भूतकाळाचे तुकडे क्रम सोडून समोर येत जातात. म्हणजे मारेकऱ्यांचं बोलणं आणि विस्कटलेला काळ हे दोन्ही धागे १९४६मध्येच एका चित्रपटात आले होते, फक्त एकमेकांशी गाठ न मारता. बोलणं सुरुवातीला संपतं, काळाचा खेळ नंतर सुरू होतो.

‘पल्प फिक्शन’मध्येही एक मुष्टियोद्धा आहे. ब्रूस विलिसनं केलेला बुच कूलिज टोळीप्रमुख मार्सेलस वॉलेसकडून हरण्याचे पैसे घेतो, सामना जिंकतो आणि पळतो. ओली अँडरसन जिथं पळणं सोडतो तिथून बुच पळायला लागतो, असं मला नेहमी वाटतं. टॅरेंटिनोनं ते मनात धरून केलं की नाही, याच्याशी मला फारसं कर्तव्य नाही. कथा अशाच पुढं चालतात.

मधल्या काळात गुन्हेपटाला बोलकं करण्यात एका अनपेक्षित हाताचा वाटा होता : सेन्सॉरचा. १९३४पासून हॉलिवुडमध्ये निर्मिती-संहिता काटेकोरपणे लागू झाली. गुन्हा कसा केला ते बारकाव्यानं दाखवायचं नाही, रक्त दाखवायचं नाही, शय्यागृहाचं दार उघडायचं नाही. जे दाखवता येत नव्हतं ते तोंडात आलं. ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये (१९४४) विमा विकायला आलेला गडी आणि परक्याची बायको एकमेकांना गळाला लावतात ते मोटारीची वेगमर्यादा आणि पोलिसाची पावती असल्या भाषेत. ती पटकथा बिली वाइल्डर आणि चँडलर यांनी मिळून लिहिली होती. लगद्याच्या कागदावरचा माणूस आता स्टुडिओच्या टेबलावर बसला होता.

काळाची मोडतोड खऱ्या अर्थानं हातात घेतली स्टॅनली कुब्रिकनं, ‘द किलिंग’मध्ये (१९५६). घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचा दरोडा. एका माणसाचं काम दाखवून झालं की चित्रपट घड्याळ मागं फिरवतो आणि त्याच दुपारी दुसरा काय करत होता ते दाखवतो. एक कोरडा आवाज अधूनमधून वेळ सांगतो, रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखा. संवाद लिहायला कुब्रिकनं बोलावलं होतं जिम थॉम्पसनला, जो स्वतः स्वस्त गुन्हेकादंबऱ्यांचा लेखक. या रचनेला काही जण ‘राशोमोन’ची (१९५०) बहीण म्हणतात, ते मला पटत नाही. कुरोसावाच्या चित्रपटात तीच घटना प्रत्येकाच्या तोंडी बदलते आणि खरं काय ते निसटतं. कुब्रिककडं खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. घटना पक्की आहे, आपण फक्त ती वेगवेगळ्या दारांतून पाहतो. टॅरेंटिनो कुब्रिकच्या घराण्यातला.

मग ही सगळी अमेरिकी मालमत्ता पॅरिसला गेली. युद्धानंतर तिथल्या टीकाकारांनी या चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ हे नाव दिलं. अमेरिकेत ते बनवणाऱ्यांना आपण असं काही बनवतो आहोत याचा पत्ताही नव्हता. १९६४ साली ज्याँ-ल्यूक गोदारनं डोलोरेस हिचेन्स या अमेरिकी लेखिकेच्या गुन्हेकादंबरीवरून ‘बांद आ पार’ काढला. त्यात चोरीची तयारी चालली असताना तिघं एका कॅफेत उठून नाचतात. चोरीशी त्या नाचाचा काडीचाही संबंध नाही. टॅरेंटिनोनं आपल्या निर्मितीसंस्थेला याच चित्रपटाचं नाव थोडं वाकवून दिलं, आणि ‘पल्प फिक्शन’मध्ये व्हिन्सेंट आणि मिया हॉटेलातल्या स्पर्धेत जे नाचतात त्याचं गोत्र तिथलंच.

हे लक्षात घेतलं की त्या चित्रपटातला सर्वांत प्रसिद्ध संवाद वेगळा ऐकू येतो. गाडीतून खुनाला जाताना युरोपातून नुकताच परतलेला व्हिन्सेंट सोबत्याला सांगतो की पॅरिसमध्ये आपल्या त्या ठरावीक बर्गरला वेगळंच, राजेशाही नाव आहे, कारण तिथं दशमान पद्धत असल्यानं पाव पौंड म्हणजे काय ते कुणाला कळत नाही. प्रेक्षक हसतात. अमेरिकी माल, फ्रेंच नाव, आणि परत मायदेशी येऊन त्याचं कौतुक. गुन्हेपटाचा पन्नास वर्षांचा प्रवास दोन गुंड एका बर्गरवरून सांगून जातात, त्यांना त्याची सुतराम कल्पना नसताना.

टॅरेंटिनोचं शिक्षण हाही या इतिहासाचाच भाग आहे. तो कुठल्या चित्रपट-शाळेत गेला नाही. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात तो आणि अ‍ॅव्हरी नोकरी करत होते. मला वाटतं, दोन गोष्टी तिथून आल्या. एक म्हणजे काउंटरवरची बडबड. कुठला चित्रपट का थोर, यावर गिऱ्हाइकाशी तासन्‌तास भांडणाऱ्या माणसाची लय त्याच्या सगळ्या पात्रांच्या तोंडी आहे. दुसरी कॅसेटची सवय. थिएटरातला चित्रपट पुढंच जातो, कॅसेट मागं फिरवता येते. मेलेला माणूस बटण दाबलं की पुन्हा उभा राहतो. पुस्तकांतूनही त्यानं पुष्कळ घेतलं होतं. बॉस्टनमध्ये सरकारी वकिली केलेल्या जॉर्ज व्ही. हिगिन्सनं ‘द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल’ ही जवळजवळ नुसत्या संवादांची कादंबरी लिहून दाखवलं होतं की गुन्हेगार दिवसाचा बहुतेक वेळ बोलण्यात घालवतात, आणि त्यांचा घातही बोलण्यानंच होतो.

आता त्या बोळातल्या दोघांकडं परत येऊ. व्हिन्सेंट (जॉन ट्रॅव्होल्टा) आणि जूल्स (सॅम्युएल एल. जॅक्सन). दार उघडल्यावरही बोलणं थांबत नाही. जूल्स त्या भेदरलेल्या पोराचाच बर्गर चाखतो, त्याची तारीफ करतो, त्याचं पेय संपवतो. गोळी घालण्याआधी तो बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकाचा म्हणून एक उतारा गडगडाटी आवाजात म्हणतो. शेवटचा भाग सोडला तर तो उतारा बायबलमध्ये नाही. तो आला आहे सोनी चिबाच्या एका जपानी मारधाडपटाच्या अमेरिकी आवृत्तीतून. पल्पमधून उचललेलं धर्मवचन! हे विसरू नये, कारण चित्रपटाचं सगळं वजन शेवटी याच वचनावर पडतं.

बोलणं आणि वेळ यांचं नातं चित्रपट वेगवेगळ्या मापांनी तपासतो. बोळात वेळ जास्त आहे, म्हणून गप्पा. पुढं मालकाची बायको मिया चुकून हेरॉइन ओढून मरायला टेकते आणि व्हिन्सेंट तिला अमली पदार्थ विकणाऱ्या लान्सच्या घरी नेतो. तिथं वेळ अजिबात नाही, तरीही माणसं तशीच भांडतात : इंजेक्शन कुणी द्यायचं, ते माहितीचं पुस्तक कुठं ठेवलंय, घरात पसारा किती. बुचच्या गोष्टीत एक सैनिक लहानग्या बुचला त्याच्या बापाचं सोन्याचं घड्याळ आणून देतो आणि ते पहिल्या महायुद्धापासून व्हिएतनामच्या कैदेपर्यंत कसं टिकलं ते सांगतो. क्रिस्टोफर वॉकेनचं हे भाषण गंभीर सुरू होतं, कैदेत घड्याळ शरीरात कुठं लपवलं होतं त्यावर येऊन ठेपतं, आणि हसावं की गप्प राहावं कळेनासं होतं. या घड्याळापायीच बुच जिवावर उदार होऊन घरी परततो.

आणि तिथं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर त्याला एक स्वयंचलित बंदूक पडलेली दिसते. ती उचलतो तोच बाथरूमचं दार उघडतं. हातात मॉडेस्टी ब्लेजची कादंबरी घेतलेला व्हिन्सेंट दारात उभा. टोस्टर खटकन वर येतो, बुच गोळ्या झाडतो. चित्रपटातला सर्वांत लाडका माणूस, चित्रपट बराच शिल्लक असताना, एकही शब्द न बोलता मरतो. दोन तास बोललेल्या माणसाला शेवटचं वाक्य मिळत नाही. पुढच्या भागात कॅसेट मागं फिरते आणि आपण पुन्हा त्या पहिल्या सकाळी, त्याच खोलीत येतो. व्हिन्सेंट पुन्हा बोलायला लागतो.

भारतीय वाचकाला गुंतलेल्या कथांचं नवल ते काय? कथासरित्सागरात कथेच्या पोटात कथा आहेत, आणि महाभारतही सौती नैमिषारण्यात सांगतो ते आधीच सांगितलं गेलेलं. तरी आपल्याकडच्या चित्रपटांनी टॅरेंटिनोकडून घेतलं काय, हे पाहण्यासारखं आहे. संजय गुप्तांच्या ‘कांटे’नं (२००२) ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’चं कथानक घेतलं, मला त्यात कपड्यांचा रुबाब जास्त आणि ऐकण्यासारखं कमी वाटलं. रामगोपाल वर्मांच्या ‘सत्या’त (१९९८) काळ सरळ रेषेत चालतो, पण सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी भिकू म्हात्रेला घर दिलं, बायकोशी कडाकडा भांडायला वेळ दिला, आणि मुंबईचा गुंड पहिल्यांदा शेजारचा वाटला. गप्पा आणि गुंता दोन्ही पचवले ते तमिळमध्ये त्यागराजन कुमारराजानं. ‘आरण्य कांडम्’मध्ये (२०११) टोळ्यांच्या मारामारीत एक कफल्लक बाप आणि त्याचा पोरगा सापडतात. टोळीतला एक माणूस पोराला विचारतो, बापावर तुझं प्रेम आहे का? तसं काही नाही, पण तो माझा बाप आहे, एवढंच पोरगं सांगतं. एका वाक्यात अख्खा माणूस उभा करणं म्हणजे काय, ते तिथं दिसतं. त्याच्याच ‘सुपर डीलक्स’साठी (२०१९) तर चार लेखक एकत्र बसले होते.

परत लॉस एंजेलिसला. मागं फिरलेल्या त्या सकाळी बाथरूममध्ये लपलेला चौथा पोरगा बाहेर येतो आणि दोघांवर सगळ्या गोळ्या झाडतो. एकही लागत नाही. जूल्स म्हणतो, हा देवाचा हात. व्हिन्सेंट म्हणतो, नशीब. गाडीत हा वाद रंगलेला असताना मागच्या सीटवरच्या मार्विनचं मत विचारायला व्हिन्सेंट वळतो आणि त्याच्या हातातलं पिस्तूल उडतं. मार्विन मरतो. थिएटरात इथं हशा होतो, आणि या चित्रपटावर प्रेम करणाऱ्यानं इथं थोडं थांबावं असं मला वाटतं. एक कृष्णवर्णीय तरुण केवळ बोलण्याच्या भरात मरतो, आणि पुढचा सगळा भाग त्याच्याबद्दल नसून गाडीची सीट कशी धुवायची याबद्दल आहे. ज्या जिमीच्या घरी गाडी नेतात ती भूमिका टॅरेंटिनोनं स्वतः केली आहे, आणि कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी तो गोरा माणूस पुन्हा पुन्हा, चवीनं उच्चारतो. याच शब्दाच्या वापरावरून स्पाइक लीनं १९९७मध्ये, ‘जॅकी ब्राउन’च्या वेळी, टॅरेंटिनोला जाहीरपणे फटकारलं. पात्रं तशी बोलतात हा बचाव जूल्सच्या तोंडी चालतो. जिमीच्या तोंडी मला तो चालत नाही; तिथं लेखकाला स्वतःच्या धिटाईची मजा वाटते आहे.

त्याहून मला सलते ती बॉनी. या भागाचं नाव तिच्यावरून आहे. जिमीची ही कृष्णवर्णीय बायको नर्स आहे, रात्रपाळी करून साडेनऊला घरी येणार आहे, आणि तिनं रक्त पाहिलं तर काडीमोड ठरलेला, म्हणून चार पुरुष घामाघूम झाले आहेत. ती पडद्यावर दिसते ती एका कल्पिलेल्या क्षणापुरती, तीही पाठमोरी. इतक्या बोलक्या चित्रपटात तिला एकही वाक्य नाही. गप्पांमधून माणसं उभी करणाऱ्या लेखकानं कुणाला बोलू दिलं नाही याचीही नोंद इतिहासात राहायला हवी. मार्विन आणि बॉनी या दोघांना वगळून मी हा चित्रपट आवडतो असं म्हणू शकत नाही.

कपडे रक्तानं माखलेले, म्हणून जिमीचे टी-शर्ट आणि अर्ध्या चड्ड्या घालून दोघं नाश्त्याला एका हॉटेलात जातात. हे तेच हॉटेल, जिथं चित्रपट सुरू झाला होता. तिथं एक जोडपं बोलता बोलता ठरवतं की दारूची दुकानं लुटण्यापेक्षा हॉटेलं लुटणं सोपं, आणि पिस्तुलं काढून उभं राहतं. तेव्हा मागून कुणीतरी बाथरूमकडं जाताना पुसटसं दिसलेलं असतं. तो व्हिन्सेंट होता, हे आता कळतं. जोडप्यातल्या बाईची धमकी दोन्ही वेळा शब्दाला शब्द जुळत नाही. कुणी याला चूक म्हणेल. मला ते कुठलीही घडलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना होतं तसं वाटतं.

टेबलावर जूल्सनं जाहीर केलेलं आहे की तो हा धंदा सोडणार. व्हिन्सेंट त्याची टिंगल करून बाथरूममध्ये गेला आहे, तीच कादंबरी घेऊन. लुटारू जूल्सपाशी येतो आणि काही क्षणांत पिस्तूल त्याच्याच तोंडाशी येतं. सवयीप्रमाणं आता गोळी सुटायला हवी. त्याऐवजी जूल्स त्याला बसवतो आणि तोच यहेज्केलचा उतारा पुन्हा म्हणतो. या वेळी हळू, गडगडाटाशिवाय. वर्षानुवर्षं आपण हे म्हणत आलो, असं तो सांगतो, पण अर्थाचा विचार केला नव्हता. मारण्याआधी म्हणायला ते थंड रक्ताचं वाटायचं, एवढंच. आज सकाळपासून तो विचार करतोय. यातला दुष्ट तू आणि सज्जन मी? की दुष्ट हे जग, तू सज्जन आणि तुझा रखवालदार मी? तसं असतं तर बरं झालं असतं, पण ते खरं नाही. दुर्बळ तू आहेस, दुष्टांचा जुलूम मी. रखवालदार व्हायची मी खूप धडपड करतोय.

एका बनावट धर्मवचनाचा अर्थ एक खुनी मोठ्यानं शोधतो आणि ऐकणारा त्याच्यासारखाच एक चोर. अडीच तासांच्या सगळ्या गप्पा इथं येऊन पोचतात : बोलणारा पहिल्यांदाच स्वतःचं बोलणं ऐकतो. घटना घडल्या त्या क्रमानं सांगितल्या असत्या तर हा प्रसंग चित्रपटाच्या पूर्वार्धातच येऊन गेला असता आणि शेवट बुचच्या मोटारसायकलच्या आवाजात झाला असता. टॅरेंटिनोनं काळ मोडला तो हा न झालेला खून शेवटी ठेवता यावा म्हणून, असं मी मानतो.

जूल्स आपल्या पाकिटातले पैसे त्या लुटारूला देतो आणि जोडप्याला जाऊ देतो. व्हिन्सेंट म्हणतो, चला, निघायला हवं. दोघं पिस्तुलं चड्डीत खोचतात आणि ब्रीफकेस घेऊन दाराबाहेर पडतात. इथून ते मालकाच्या बारमध्ये जातील. तिथं बुच उभा असेल, व्हिन्सेंट त्याला विनाकारण एक टोमणा मारेल. तो प्रसंग आपण कधीच पाहिला आहे. तेव्हा हे दोघं असल्या चड्ड्यांत का, हे मात्र कळलं नव्हतं. बुचच्या घरचा तो ओटाही पाहिला आहे, आणि त्यावर ठेवलेली बंदूकही.